वायकोळे सरांच्या छातीत दुखलं

बकरी केळीच्या बागेतून निघाली ती थेट गाडीपुढे आली. स्टिअरिंगवर होते भंगाळे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाडीच्या शेपटाला बसून प्रवास केल्यामुळे पुढे बघायची त्यांना सवयच नव्हती. शेजारच्या सीटवर वायकोळे सर. सरांनी आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला, गाडी कचकन थांबली. बकरीने दोघांकडे निवांत पाहून घेतलं आणि ती पलीकडच्या बांधावर चढली.

इथपर्यंत रोजचंच होतं. भुसावळच्या आसपास आता बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत होत्या, पण शेतरस्ता लागला की त्या अडून बसत. ‘पुढचा मार्ग नकाशात नाही’ असं गोड आवाजात सांगत आणि स्टिअरिंग मालकाच्या गळ्यात मारून मोकळ्या होत. म्हणून सरकारने ‘हाती परवाना’ सक्तीचा केला होता, आणि म्हणूनच लीलाधर वायकोळे यांचं ड्रायव्हिंग स्कूल या जमान्यातही तग धरून होतं. शिकणारे त्यांच्याकडेच यायचे, कारण सर कधी घाबरत नसत. समोरून कापसाचा ट्रॅक्टर अंगावर आला तरी आवाज चढत नसे. ‘जरा डावीकडे घ्या, घाई नाही,’ एवढंच म्हणायचे. लोकांना वाटायचं, सरांनी विपश्यना वगैरे केली असणार. कसली विपश्यना आणि कसलं काय. सरांच्या छातीत दुसऱ्याचं हृदय होतं आणि त्या हृदयाला घाबरण्याची सोयच नव्हती.

आज मात्र बकरी गेली आणि सरांच्या छातीत धाडधाड सुरू झालं. कानापर्यंत ऐकू येईल असं. तोंडाला कोरड पडली, हात थंडगार. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“भंगाळे, गाडी दवाखान्यात घ्या.”

“बकरीला लागलं नाही हो सर.”

“बकरीचं नाही. माझं काहीतरी बिघडलंय.”

भंगाळ्यांनी जन्मात पहिल्यांदा भरवस्तीतून गाडी हाताने चालवली ती त्या दिवशी. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत दोघांपैकी जास्त कोण घाबरलं होतं ते सांगणं कठीण होतं.

सरांना भीती होती ती नकाराची. शरीराने परकं हृदय नाकारलं की डॉक्टर त्याला रिजेक्शन म्हणतात. हृदय बदललेल्या माणसांचं सरांचं एक मंडळ होतं, तिथे सगळे ‘नकार’ म्हणायचे, लग्नाच्या बोलणीत म्हणतात तसं. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घ्यायच्या, उघड्यावरचं खायचं नाही, सर्दीवाल्याच्या जवळ बसायचं नाही, हे सगळं तो नकार येऊ नये म्हणून. सरांचं वय आता साठीला टेकलं होतं. हे हृदय गेलं तर तिसरं मिळणार नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉ. केतकी सरोदे यांनी रक्त तपासलं, प्रतिमा काढल्या, आलेख पाहिला. मग खुर्ची ओढून सरांच्या समोर बसल्या. बाई तरुण होत्या, पण बोलणं मोजकं.

“काका, नकार नाही. काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही घाबरलात.”

“मी?”

“हो. बकरीला. अभिनंदन.”

सरांना हे पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याच क्षणी छातीतली धडधडही वाढली. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि दोघंही हसले.

गोष्ट अशी होती. हृदय बदलताना मोठ्या रक्तवाहिन्या शिवता येतात, पण केसाहून बारीक चेतातंतू शिवता येत नाहीत. ते तुटतात ते तुटतातच. नवं हृदय धडधडतं, कारण ती धडधड त्याची स्वतःची असते, पण मेंदूशी त्याचं बोलणं बंद होतं. फोन नसलेल्या घरासारखं. गावात आग लागली तरी याला टपालानेच कळणार. ते टपाल म्हणजे रक्तातून येणारी संप्रेरकं. म्हणून हृदय बदललेल्या माणसाचे ठोके बसल्या जागीही भरभर पडतात, जिना चढू लागलं तरी लगेच वाढत नाहीत, आणि जिना संपून माणूस सोफ्यावर बसला की मग वाढतात. डॉ. सरोदेंच्या गटाने यावर ‘चेतासेतू’ तयार केला होता. माणसाच्याच पेशींपासून वाढवलेली, लोण्यासारखी मऊ जाळी. बरगड्यांमधल्या छोट्याशा छिद्रातून ती जुन्या शिवणीवर पसरायची. मांडवावर कारल्याचा वेल चढावा तसे तुटलेले तंतू त्या जाळीवरून हळूहळू नव्या हृदयात शिरतात. चाचणीसाठी माणसं हवी होती आणि पहिल्या काही जणांत सरांनी नाव दिलं होतं; जाळी बसवून आता काही महिने झाले होते.

नाव का दिलं, तर त्याचं खरं कारण जरा गमतीचं आहे. सर रोज सकाळी गोळ्या घेतल्यावर जगभरच्या अवयवबदलाच्या बातम्या वाचत आणि ‘हृदयपालट मंडळा’च्या गटावर आवाजी संदेश टाकत. त्याला नाव होतं ‘हृदयवार्ता’. डुकराचं मूत्रपिंड बसवलेली बाई बाळंत झाली, ड्रोनमधून यकृत समुद्र ओलांडून गेलं, अमक्या देशात प्रयोगशाळेत झडप वाढवली, असं सगळं. मंडळातली डझनभर माणसं, सगळी उसन्या हृदयाची, चहा पिताना ते ऐकायची. एक दिवस सर बायकोला म्हणाले, “हेमा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या वाचतोय. एकदा आपण बातमी व्हावं की.” हेमलताबाईंनी कपाळाला हात लावला, पण सही केली.

पहिल्या घबराटीची वार्ता सरांनी स्वतःच दिली, मोठ्या ऐटीत. मंडळ खूश झालं. सर आता घाबरू शकतात याचा सर्वांना कोण अभिमान. पण पुढे हे फार होऊ लागलं. हेमलताबाई बाजारातून उशिरा आल्या आणि सरांची छाती धडधडली. सर दवाखान्यात. क्रिकेटच्या सामन्याचं शेवटचं षटक चालू होतं. सर पुन्हा दवाखान्यात. गावच्या रेडिओवर मुलाखतीला बोलावलं, तर माइक समोर येताच सर उठले आणि मुलाखत सोडून दवाखान्यात. दर वेळी तपासण्या, दर वेळी डॉक्टरांचं तेच उत्तर. ही काळजी, ही उत्सुकता, ही लाज. एखाद्या लहान मुलाला शिकवावं तसं त्या सरांना एकेक भावना ओळखायला शिकवत होत्या.

“यायचंच, काका,” त्या म्हणायच्या. “दहा वेळा फुकट आलात तरी चालेल. तंतू अजून वाढतायत. पुढे काय काय जाणवेल ते आम्हालाही ठाऊक नाही.”

डॉक्टर असं म्हणायच्या खऱ्या, पण दारातल्या नर्सबाईंच्या ओठांवरचं हसू सरांच्या नजरेतून सुटत नव्हतं. गटावरही चिमटे सुरू झाले. ‘सर, आज दवाखान्याला सुट्टी का?’ ‘सर, फोडणीचा आवाज झाला, या लवकर.’ ज्या माणसाच्या थंडपणाचे गावात दाखले दिले जायचे, त्याला हे सोसवेना. सरांनी मनाशी ठरवून टाकलं, आता छातीत ढोल वाजले तरी जायचं नाही.

थंडी पडली तशी मंडळाची भरीत पार्टी ठरली. हृदय बदलल्याचा दिवस हा यांचा दुसरा वाढदिवस, आणि प्रत्येकाचा वेगळा केक कापण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एकदाच शेतात साजरा करायचा, असा त्यांचा रिवाज. भरीतच का, तर वांगी निखाऱ्यात पार काळी होईपर्यंत भाजतात, मग त्यात जंतू उरणार कुठून. डॉक्टरांनीही त्याला कधी हरकत घेतली नव्हती. कांद्याची पात मात्र कच्ची न खाता तेलात परतून घ्यायची, एवढाच फरक.

यंदा पार्टी उज्ज्वलाताई कोलत्यांच्या शेतात, बामणोदच्या शिवारात होती. उज्ज्वलाताई शाळेत गणित शिकवायच्या. बोलणं थेट, अगदी फळ्यावर लिहावं तसं. घराण्यातून आलेल्या कोलेस्टेरॉलच्या दुखण्याने त्यांचं पहिलं हृदय ऐन तरुणपणी निकामी झालं होतं. सरांनी चेतासेतूसाठी त्यांच्या मागे बराच लकडा लावला होता, पण बाई बधल्या नाहीत.

“मला नको तो सेतू,” सर शेतात आल्या आल्याच त्यांनी बजावलं होतं. “पहिल्या हृदयाने मला फार छळलंय, भाऊ. जिना चढले की दुखायचं, फळ्यावर उंच लिहायला हात वर केला की दुखायचं. पोरांकडे पाठ करून उभी राहायची मी, तोंड दिसू नये म्हणून. हे हृदय मुकं आहे ते बरं आहे. आमचं छान चाललंय.”

“मी दुखण्याचं नाही म्हणत ताई, धडधडीचं म्हणतोय. दुखणं आपल्या नशिबातून गेलं ते गेलं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बदललेल्या हृदयाला दुखत नाही, हे मंडळाचं पहिलं ज्ञान होतं. दुखल्याची खबर नेणारे तंतूच तुटलेले, मग दुखणार कसं? आणि सुभानभाई तडव्यांचं उदाहरण सगळ्यांसमोर होतं. सुभानभाई म्हणजे रावेरकडचे केळीचे व्यापारी, मंडळातला सगळ्यात हसरा माणूस. गेल्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या गेले. हू नाही की चू नाही. ‘कसलाही त्रास नाही, अगदी शांत. असं मरण भाग्याने मिळतं,’ असं सर त्या दिवशीच्या हृदयवार्तेत म्हणाले होते, आणि ऐकून सगळ्यांना जरा धीर आला होता.

बांधावर जाळ करायचा होता. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा एक भारा सरांनी उचलला आणि ते चालू लागले. अर्ध्या वाटेत छातीच्या मधोमध काहीतरी आवळलं. धडधड नव्हती ही. धडधड त्यांना आता चांगली ओळखता येत होती. हे वेगळंच होतं, कुणी ओली दोरी करकचून बांधावी तसं. त्यांनी भारा खाली टाकला आणि बांधावर बसले. थोड्या वेळात दोरी सैल झाली.

“काय झालं?” हेमलताबाईंनी विचारलं.

“काही नाही. सकाळचा चहा रिकाम्या पोटी झाला.”

वांगी भाजून झाली, सोलून झाली. ठेचायला काठवटीसारखी लाकडी बडगी पुढे आली तेव्हा मुसळ सरांनीच घेतलं, दर वर्षीचा मान त्यांचाच. चार घाव घातले असतील नसतील, दोरी पुन्हा आवळली. या वेळी जास्त. मुसळ हातातच राहिलं आणि कपाळावर घाम आला, थंडीच्या दिवसांत.

मग मंडळ धावलं. आता हे लोक साधे नव्हेत. प्रत्येकाने मरण जवळून पाहिलेलं, प्रत्येकाला औषधांची नावं तोंडपाठ, हृदयाचे कप्पे झोपेतही काढून दाखवतील असे. दुसऱ्या कुठल्याही शेतात एखादा साठीचा माणूस छाती धरून खाली बसला असता, तर अडाण्यातल्या अडाण्यानेही ओळखलं असतं. इथे मात्र एकमताने निदान झालं, ॲसिडिटी. एकाने ओवा दिला. दुसरा थंड दूध आणायला पळाला. तिसऱ्याने, मिरच्या भाजल्याचा धूर तुमच्याकडे येतोय, इकडे बसा, म्हणून सावलीत हलवलं. हृदयाचं नाव कुणी घेतलं नाही, कारण आपलं हृदय दुखत नसतं हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. आणि ते सरांनीच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं. हेमलताबाई तेवढ्या अस्वस्थ होत्या, पण त्यांनाही तेच पाठ होतं.

उज्ज्वलाताई जाळापाशी होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि हातातला चिमटा तसाच ठेवून त्या उठून आल्या.

“भाऊ, हात आहे तिथेच ठेवा. हलवू नका.”

“काय?”

“छातीवर काय ठेवलंय तुम्ही?”

सरांनी खाली पाहिलं. उजव्या हाताची मूठ, गच्च आवळलेली, छातीच्या मधोमध दाबून धरलेली.

“ॲसिडिटीवाला माणूस बोटाने दाखवतो, इथे जळजळतं म्हणून,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण चेहरा उतरला होता. “मूठ अशी ठेवतात ती वेगळ्या दुखण्याला. मी वर्षानुवर्षं ठेवलीय. चालताना होतं आणि बसलं की थांबतं, बरोबर?”

सरांनी मान डोलावली.

“डाव्या दंडात जातंय?”

“थोडं. जबड्यातही.” मग सरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. “पण ताई, आपल्या हृदयाला दुखत नाही.”

“आमच्या. आमच्या हृदयाला दुखत नाही. तुमच्या हृदयाला आता तंतू आहेत.”

ओव्याची डबी धरलेला हात तसाच राहिला. इतका वेळ ज्यांनी औषधं सुचवली होती ते सगळे एकदम एकमेकांकडे बघू लागले. सरांच्या मनात मात्र दारातल्या नर्सबाईंचं हसू होतं.

“पुन्हा जाऊ, आणि पुन्हा काही नाही निघालं तर?”

“तर आम्ही हसू,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “पोटभर हसू. तुमचं काय जातंय? उठा.”

“उठा,” हेमलताबाईही म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात विचारणं नव्हतं.

गाडीने शेतरस्ता पाहिला आणि गोड आवाजात सांगितलं की पुढचा मार्ग नकाशात नाही. हेमलताबाईंनी स्टिअरिंग बाहेर ओढलं. त्यांच्याकडे हाती परवाना होता. नवऱ्याच्याच शाळेत काढलेला, आणि नवऱ्याने दोनदा नापास केल्यावर तिसऱ्यांदा मिळालेला. उज्ज्वलाताई मागे बसल्या आणि त्यांनी दवाखान्याला फोन लावला. गाडी चाकोरीतून निघाली.

“हेमा, खड्डा. डावीकडे घे. आरसा बघ.”

“बघितला.”

“वळणावर हॉर्न दे.”

“अहो, आज तुम्ही गाडीतलं सामान आहात. सामान बोलत नाही. गप्प बसा.”

सर गप्प बसले. पण हेमलताबाईंची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती, हे त्यांना दिसत होतं. सरांनाही फार भीती वाटत होती, आणि ही भीती आहे, धडधड आहे, आणि शेजारी दुखणं आहे, असं तिन्ही वेगवेगळं त्यांना कळत होतं. डांबरी रस्ता आला तशी गाडीने स्टिअरिंग परत मागितलं. हेमलताबाईंनी दिलं नाही. दवाखान्यापर्यंत त्यांनी स्वतःच नेली.

डॉ. सरोदे दारातच उभ्या होत्या. या वेळी नर्सबाई हसल्या नाहीत, धावल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, रंगद्रव्य सोडलं आणि पडद्यावर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. मुख्य डाव्या रोहिणीच्या फाट्याशी फांदी एकदम बारीक होऊन दोऱ्यासारखी झाली होती. त्या दोऱ्यातून कसंबसं रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी तिथेच फुगा फुगवला, जाळीची नळी बसवली, आणि फांदी पुन्हा भरली. सर जागे होते. फुगा फुगला तेव्हा दोरी शेवटची आवळली, आणि मग सुटली. अशी सुटली की त्यांच्या तोंडून आपोआप ‘हुश्श’ निघालं आणि डॉक्टरांचे खांदेही त्याबरोबर खाली आले.

संध्याकाळी डॉक्टर खाटेशी येऊन बसल्या.

“हाही नकारच होता, काका. पण सावकाश चालणारा. बदललेल्या हृदयाच्या रोहिण्या काही जणांत आतून जाड होत जातात. औषध बदलू, आता त्यावर चांगली औषधं आहेत. तुम्ही बरे व्हाल.”

“हे हृदय राहील?”

“राहील. व्यवस्थित राहील.”

सरांनी डोळे मिटले. कुणा एका तरुण मुलाचं हृदय होतं ते, एवढंच त्यांना इतक्या वर्षांत कळलं होतं. घरच्यांनी मोठ्या मनाने दिलेलं. ते आपल्या हातून गेलं नाही, या विचाराने त्यांनी अलगद छातीवर हात ठेवला.

“तुमची पुढची मोठी तपासणी उन्हाळ्यात होती,” डॉक्टर म्हणाल्या. “खरं सांगते, तिथपर्यंत तुम्ही पोचला नसतात. दुखल्याची खबर आणणारे तंतू सेतूवरून आलेत की नाही याची आमच्याकडे काही खात्री नव्हती. आज ती मिळाली.”

“आणि ते आले नसते तर?”

“तर तुम्हाला आज काहीच वाटलं नसतं. भरीत खाल्लं असतं, घरी गेला असता, खुर्चीत बसला असता आणि...” डॉक्टर थांबल्या.

“सुभानभाईंसारखा,” सर म्हणाले.

“त्यांची शवतपासणी झाली नव्हती. नक्की सांगता येणार नाही.” मग सरांकडे सरळ बघत त्या म्हणाल्या, “पण मला वाटतं, हो.”

तेवढ्यात हेमलताबाई आत आल्या. दिवसभराच्या धुरा-धुळीने माखलेल्या, केस विस्कटलेले, पायात अजून शेतातली माती. त्या दारात दिसल्या मात्र, उशाशी असलेल्या पडद्यावरचा आकडा झपकन वर गेला. हेमलताबाई दचकून जागीच थांबल्या.

“डॉक्टर, हे काय झालं? मी बाहेर जाऊ का?”

“या, या. काही झालेलं नाही. तुम्ही आलात म्हणून वाढला तो.”

हेमलताबाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून त्या हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

“इतकी वर्षं या माणसाला मी आले काय, गेले काय, सारखंच असं समजत होते मी.”

“मलाही तसंच वाटायचं,” सर म्हणाले. “बस इथे. हात दे.”

डॉक्टर हळूच बाहेर गेल्या. आकडा बराच वेळ वरच होता आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळ भेटायला आलं. संसर्ग नको म्हणून सगळे तोंडाला मुखपट्ट्या लावून काचेच्या पलीकडे ओळीने उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकातून बोलले. भरीत तसंच राहिलं, कुणाच्या घशाखाली उतरलं नाही, पण डबा भरून आणलाय, डॉक्टरांनी परवानगी दिली तर, असं सांगून झालं. हसायचं कबूल केलं होतं, पण हसायला कारण मिळालं नाही, अशी तक्रारही कुणीतरी केली. सर हसले. त्यांना सगळ्यांकडे बघून फार बरं वाटत होतं. मग ते गंभीर झाले.

“आजची हृदयवार्ता इथूनच देतो. सुभानभाई शांत गेले असं मी म्हणालो होतो. ते शांत गेले नाहीत. कदाचित कित्येक दिवस त्यांचं हृदय गळा काढून ओरडत असेल, आणि सुभानभाई आपले केळीचे घड मोजत असतील. त्यांना ऐकू येण्याचा रस्ताच नव्हता. मला तो मिळाला, म्हणून मी आज बोलतोय.”

काचेपलीकडे एकाचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला. मग दुसऱ्याचा गेला. तिथे कुठेच काही दुखत नव्हतं. कालपर्यंत याच गोष्टीचं त्यांना केवढं समाधान होतं. आता मात्र प्रत्येक जण आत कान लावून ऐकत होता आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

डॉ. सरोदे फेरीवर आल्या तशी सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. आमच्या तपासण्या लवकर करा, उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही, असं सगळे एकदम बोलू लागले. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. सगळ्यांच्या रोहिण्यांची तपासणी याच आठवड्यात लावते, म्हणाल्या. चेतासेतूची पुढची तुकडीही लवकरच घ्यायची आहे, सरांच्या निकालानंतर आता परवानगी अडणार नाही. फक्त आधीच सांगते, हे सोपं नाही. घबराट येईल, काळजाचे ठोके चुकतील, रडू आलं की छाती भरून येईल. आणि कधीतरी दुखेलही. विचार करून नावं द्या.

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. उज्ज्वलाताई मागे उभ्या होत्या. त्यांनी वाट काढली आणि पुढे आल्या. काचेपलीकडून सर त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी मुखपट्टी नीट केली, एक मोठा श्वास घेतला, आणि मुक्या हृदयापर्यंत काही पोचायच्या आतच डोळे भरून आले, तरी आवाज मात्र वर्गात विचारावा तसा स्वच्छ ठेवून विचारलं,

“डॉक्टर, माझं कधी दुखायला लागेल?”